दत्तूच्या रायफलीचा ठसा

नाना,

तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असं तालुक्याच्या साप्ताहिकाकडून मला सांगण्यात आलं. नानांबद्दल माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, असं संपादक म्हणाले. ते बरोबर आहे. तुमच्याबद्दलची एक गोष्ट तर अशी आहे, की ती तुम्हालाही माहीत नव्हती.

तुम्ही कुठे जन्मलात, किती शिकलात, मागे कोण कोण आहे, हे दुसरं कोणी लिहील. मला ते जमणार नाही. अठरा वर्षं मी तुमच्यासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आता तुम्ही ऐकायला नाही, तेव्हा तोंड उघडतोय. यात काही शौर्य नाही, हे मला कळतं.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो शाळेच्या प्रयोगशाळेचा तराजू घेऊन. कर्जतच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. तराजूचा काटा अडकत होता आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत एक बंदूकवाले नाना आहेत, त्यांचा हात बारीक कामाला चांगला आहे, असं शिपायानं सांगितलं. तुम्ही काटा सरळ करून दिलात आणि मी निघायच्या ऐवजी तिथेच उभा राहिलो. कारण फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, त्यांतला एक उघडा होता, आणि आत कापसावर पिवळ्या कांड्या निजवून ठेवल्या होत्या. बोटाएवढ्या. एकीवरही धूळ नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"घसे हायत, मास्तर," तुम्ही म्हणालात. "तालुक्यातल्या रायफलींचे."

मला वाटलं, चेष्टा करताय. मग तुम्ही मला स्टुलावर बसवून समजावलंत. रायफलीच्या नळीत मागच्या टोकाला काडतुसाचं घर असतं. ते संपतं आणि नळीतले पिळाचे आटे सुरू होतात, त्या मधल्या जागेला तुम्ही घसा म्हणायचात. दर बाराला, म्हणजे गोळी सुटताना, पेटलेल्या दारूची आग पहिल्यांदा तिथेच लागते. वर्षानुवर्षं आग लागून आटे तिथून झिजतात आणि मागे सरतात, घसा लांब होतो. मग गोळी घरातून निघाली की आट्यांपर्यंत पोचेतो तिला मोकळ्या जागेतून उडी मारावी लागते. उडी लांब पडली तर ती आट्यांत तिरकी शिरते आणि डुकराऐवजी बांधाला लागते. म्हणून तुम्ही गंधक वितळवून काजळी घालून घशात ओतायचात, निवलं की मागून हलकेच ढकलून काढायचात. त्या रायफलीचा घसा मग तुमच्या तळहातावर असायचा.

"ह्यो कळंबच्या भाऊरावाचा," एक कांडी उजेडात धरून तुम्ही म्हणालात. "आटे कुठं सुरू व्हतात ते बघा. पार वितळलेत. रानात कमी आन् लग्नात जास्त बार काढतो. जावई आला की दहा, व्याही आला की वीस. घसा डुकरानं नाय खाल्ला, सोयऱ्यांनी खाल्ला."

त्या काळात बाहेरून येणारी काडतुसं मिळेनाशी झाली होती. पीक राखायच्या परवान्यावर रायफली बाळगणारे शेतकरी आपल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायचे आणि तुमच्याकडे आणायचे. तुमच्या परवान्यात दुरुस्ती होती तसं काडतूस भरणंही होतं. साचे तुम्ही स्वतः कोरलेले. लांबडी, बुटकी आणि टोकदार, अशा तीन तऱ्हांच्या गोळ्या. कुठल्या घशाला कुठली गोळी आणि ती पुंगळीत किती आत बसवायची, हे तुम्ही कांडीवर नख फिरवून ठरवायचात. मग एक काडतूस दिव्याच्या काजळीनं काळं करून त्याच रायफलीत घालून काढायचात. गोळीवरच्या काजळीत आट्यांच्या केसासारख्या रेघा उमटल्या तर ठीक. रेघ नाही तर गोळी पुढे घ्यायची, रेघ खोल तर मागे. ज्याची रायफल समोर नाही, त्याला काडतुसांचं पुडकं मिळत नसे. पावसातून आठ मैल चालत आलेल्या माणसालाही तुम्ही परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

शाळा सुटली की मी तुमच्याकडे. शनिवारी दुपारपासून, रविवार पूर्ण. मला कोणी शिकार शिकवली नाही आणि मला ती नकोही होती. मला ते माप आवडलं होतं. शाळेत मी मुलांना मापन शिकवायचो ते पुस्तकातलं. शिशाच्या गोळीवरची काजळी निघालेली ती रेघ पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की माप म्हणजे एका वस्तूनं दुसरीला लावलेला हात असतो. हे वाक्य मी नंतर वर्गात पुष्कळदा वापरलं. तुमचं नाव न घेता.

आणि आपलं भांडण. ते तर पहिल्याच वर्षी सुरू झालं. मी कुठूनशी एक इंग्रजी पुस्तिका मिळवली होती. त्यात लिहिलं होतं, गोळी आट्यांच्या जितकी जवळ तितका नेम चांगला. भाऊरावांच्या रायफलीत लांबडी गोळी पुढे घेऊन बसवली तेव्हा तुम्हीच पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लावल्या होत्या. मी ते दुकानाच्या वहीत लिहून ठेवलं, ती वही तेव्हा मीच लिहायचो. मग माझं म्हणणं असं, की सगळ्यांनाच लांबडी का नको? एकच साचा, एकच लांबी, काम निम्म्यावर येईल. कारखान्यात तर असंच करतात.

"कारखाना रायफल बघत नाय, मास्तर," तुम्ही म्हणायचात. "त्याला कुनाचीबी चालवायची असती. आपुन एकेकाची बघतो."

मी म्हणायचो, ही श्रद्धा झाली, शास्त्र नव्हे. तुम्ही हसून कानस उचलायचात. चिडला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या हसण्यानं मला वाटायचं, या माणसाला आकडा समजत नाही, फक्त हात समजतो. एक दिवस दाखवून देईन, असं मनात बसलं.

दत्तू त्याच सुमाराला आला. खालापूरकडचा, भाताचा शेतकरी, पंचविशीतला, नुकतं लग्न झालेलं. त्याच्या शेताला लागून जंगल, दर वर्षी डुकरं लोंब्यांवर पडायची. खटपट करून त्यानं परवाना काढला आणि नवी कोरी रायफल घेतली. कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, भाऊरावांच्याच रायफलीचं. दुकानात शिरला तो बाळंतिणीनं पोर आणावं तशी ती चादरीत गुंडाळून. मला चष्मेवाले म्हणायचा. "चष्मेवाले, लिवा आमचं नाव, मोठ्या अक्षरात लिवा, डुकरांना वाचता आलं पायजे."

त्याच्या रायफलीचा गंधकाचा ठसा तुम्ही काढलात. मला दाखवलात. आटे अगदी घराच्या तोंडापासून, धारदार, जसे काल कोरलेले. "हिचा घसा अजून कवळा हाय," तुम्ही म्हणालात. "हिला बुटकी. आन् ध्यानात ठेवा मास्तर, दत्तूला लांबडी द्यायची नाय. लांबडी तिथं शिरतानाच आट्यांत रुतंल. बार झाला तर जोर उलटा येतो. आन् बार नाय झाला, तर काढताना पुंगळी येती, गोळी आतच ऱ्हाती."

हे तुम्ही मला सांगितलं होतंत. शब्दन् शब्द. नंतर अठरा वर्षं तुम्हाला वाटत राहिलं, की आपलाच हात चुकला असेल.

भादवा सरता सरता पेणला तुमचे भाऊ अंथरुणाला खिळले आणि तुम्ही गेलात. दुकानाची किल्ली माझ्याकडे दिलीत, ती कुणाची दुरुस्तीची बंदूक न्यायला आली तर द्यावी म्हणून. काडतूस भरायचं नाही, हे सांगायची तुम्हाला गरज वाटली नाही. परवाना तुमचा होता, मी तर नुसता बघणारा आणि वही लिहिणारा.

रविवारी सकाळी दत्तू रायफल घेऊन आला. डुकरांनी दोन वाफे लोळवले होते, जवळची काडतुसं संपत आली होती, कारखान्याची जुनी तीन-चार काय ती उरली होती. तुम्ही नाही म्हटल्यावर त्याचं तोंड पडलं. मी म्हणालो, तुझं पुडकं बघतो, बाजार करून दुपारी ये.

पुडकं नव्हतंच. मी दार आतून लावलं आणि त्यानं मागेच देऊन ठेवलेल्या दहा पुंगळ्या भरल्या. लांबडी घेतली. बुटकीचा साचा शेजारीच होता. मला घाई नव्हती, चूक झाली नाही, हात चुकून दुसऱ्या साच्यावर गेला नाही. मी ठरवून लांबडी घेतली आणि भाऊरावांच्या मापानं पुढे बसवली, कारण वहीत माझे आकडे होते. तुम्ही परत आल्यावर दत्तू येऊन सांगेल, नाना, असा नेम आजवर लागला नव्हता. मग मी सांगणार होतो, की ती मी भरली होती. एवढंच माझं स्वप्न होतं, नाना. एका माणसाला खोटं पाडण्याचं, आणि तो माणूस तुम्ही.

दुपारी दत्तू आला तेव्हा मी तुमची रीत मोडली नाही. हे ऐका. लोक म्हणाले असते, मास्तरांनी तपासलंच नसेल. मी तपासलं. एक काडतूस दिव्याच्या काजळीनं काळं केलं, त्याच्या रायफलीत घातलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट शेवटच्या अर्ध्या बोटाला अडला. मी तळहातानं दाबला, तो बसला. मग हळूच, अगदी हळूच उघडला, कारण माझ्या हाताला समजलं होतं. गोळी पुंगळीबरोबर बाहेर आली. काजळीवर केसासारख्या रेघा नव्हत्या. शिसं ओरबाडलं गेलं होतं. नखानं लोणी ओरबाडावं तसं, सगळीकडून.

मी ते पाहिलं. रुमालानं पुसलं आणि ते काडतूस पुडक्यात ठेवलं.

दत्तूनंही एक घालून बघितलं. "जड जातंय हो," तो म्हणाला.

"नवी आहे. सैल होईल."

"नानांनीच भरलंय ना?"

"हो," मी म्हणालो. "जाण्याआधी भरून ठेवलंय."

त्याचा चेहरा लगेच मोकळा झाला. माझ्या शब्दावर त्यानं ती घेतली नसती, आणि हे मला ठाऊक होतं. म्हणून तुमचं नाव घेतलं. खोटं बोलताना भीतीसुद्धा नव्हती. भीती नंतर आली.

तीन दिवसांनी पहाटे दत्तू शेतात होता. पुढचं त्यानं जबाबात सांगितलं ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. माझं काडतूस घालून तो तासभर बांधावर बसला. डुकरं आली नाहीत. उजाडलं तसं घरी निघण्यापूर्वी त्यानं तुम्ही शिकवल्याप्रमाणे रायफल रिकामी केली. पुंगळी बाहेर आली, दारू हातावर सांडली. त्याला वाटलं, काडतूस फुसकं निघालं. गोळी पुंगळीत नाही हे त्या झुंजुमुंजूच्या उजेडात त्याच्या ध्यानात आलं नाही. तेवढ्यात खालच्या वाफ्यात भात हललं. त्यानं खिशातलं कारखान्याचं जुनं काडतूस घातलं. बोल्ट जड गेला. पण त्याला कोणी तरी सांगितलं होतं, की नवी आहे, सैल होईल. त्यानं तळहातानं ठोकून बसवला आणि बार काढला.

नळीत दोन गोळ्या होत्या. नळी घशापाशी फाटली. त्याचा डावा डोळा गेला आणि डाव्या हाताची तीन बोटं.

तुम्ही पेणहून आलात ते भावाला स्मशानात पोचवून. दुकानात पोलीस बसलेले. त्यांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, वही मास्तर लिहितात, बघून सांगतो. मग मला आतल्या बाजूला घेऊन गेलात, जिथे भात्याजवळ आपण चहा प्यायचो. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला नुकती सुरुवात झाली होती, तुम्ही तोंड माझ्या तोंडाजवळ आणून बघायचात.

"मास्तर," तुम्ही म्हणालात, "दत्तूचं पुडकं मी कवा भरलं?"

मी म्हणालो, "जायच्या आदल्या दिवशी, नाना. संध्याकाळी. उजेड कमी होता."

उजेड कमी होता, हे मी स्वतःहून घातलं. कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही मान हलवलीत. "आसंल," म्हणालात. "भावाची काळजी व्हती. डोकं ठिकाणावर नव्हतं." तुम्ही माझं खोटं पुरं केलंत, त्याला कारण जोडून दिलंत. वहीत ती नोंद मी आधीच मागच्या तारखेनं करून ठेवली होती.

तुमचा परवाना गेला. दुकानावर सील लागलं, ते पुढे निघालं तोवर काही उरलं नव्हतं. घशांचे डबे तुम्ही मला नदीत टाकायला सांगितलेत. मी पुलावरून एकेक कांडी टाकली. गंधक आहे, तरंगेल असं वाटलं होतं. ते दगडासारखं बुडलं.

लोक बोलले. म्हातारा आंधळा होत चाललाय तरी हाव सुटत नव्हती, असंही बोलले. माझ्यासमोर बोलले तेव्हा मी म्हणायचो, असं बोलू नये, नाना सज्जन माणूस आहे. त्यावर लोक मला भला म्हणायचे.

तुम्ही पुढे विळे आणि कोयते करू लागलात. माझं येणं सुटलं नाही. येत राहिलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं. पण तेवढंच कारण नव्हतं. मला तुमच्याशिवाय दुसरीकडे बसवत नसे. हे विचित्र आहे, पण खरं आहे. ज्याच्या बाबतीत मी हे केलं, तोच एक माणूस होता ज्याच्याजवळ मला बरं वाटायचं.

आणि दर वर्षी दसऱ्याच्या आधी, कापणीच्या तोंडावर, तुम्ही कानस पिशवीत टाकून दत्तूच्या गावाला जायचात. एका वर्षी दिसायचं फार कमी झालं तेव्हा मला म्हणालात, मास्तर, फाट्यापर्यंत सोबत या. मी गेलो. खोपोलीच्या एस.टी.नं शिळफाट्याला उतरलो आणि पुढे पायी. फाट्यावर थांबावं असं तुम्ही सुचवलं होतंत, पण वाट खड्ड्यांची होती, मला यावंच लागलं.

दत्तू ओट्यावर बसला होता. त्याच्या आईनं आतून विळ्यांचा भारा आणला आणि तुमच्या पुढ्यात टाकला, ठेवला नाही, टाकला. तुम्ही अंगणात उकिडवे बसलात आणि एकेका विळ्याचे दाते बोटांनी चाचपून कानस मारू लागलात. सतरा विळे होते. ऊन चढलं. कुणी पाणी विचारलं नाही. तुम्ही मागितलं नाही. दत्तू एका डोळ्यानं तुमच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बसा की चष्मेवाले, वर बसा." आणि बायकोला हाक मारून मला तांब्याभर पाणी द्यायला लावलं.

मी ते प्यालो, नाना. तुमच्या देखत. तुम्हाला दिसत नव्हतं, पण घोटांचा आवाज आला असेल.

परत येताना शिळफाट्याच्या नळाखाली तुम्ही ओंजळ धरलीत आणि मी नळ दाबून धरला. किती वेळ पीत होतात. मग तोंड पुसून म्हणालात, "पोराचा राग जायला नको. त्यो गेला तर त्याच्याकडं काय ऱ्हाईल?" तिथे, त्या नळापाशी मी सांगायला हवं होतं. एस.टी. आली. मी तुम्हाला हात धरून चढवलं.

मोतीबिंदूचं शिबीर आलं तेव्हा तुम्ही गेला नाहीत. मी चिठ्ठी आणली होती, नाव घातलं होतं. तुम्ही म्हणालात, ज्या डोळ्यानं दुसऱ्याचा डोळा घेतला, त्याला काय उजेड दाखवायचा. मी तेव्हा तुम्हाला हट्टी म्हणालो. रागावलोसुद्धा. तुम्ही डोळे बंद ठेवलेत ते माझ्या पापासाठी, आणि मी तुम्हाला अडाणी म्हणत होतो.

या श्रावणात तुम्ही पडलात ते उठलाच नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी रोज यायचो. एका दुपारी तुम्ही माझा हात शोधून धरलात. मला वाटलं, काही मागणार. तुम्ही म्हणालात, "मास्तर, चूक कुठं झाली ती काय सापडली नाय."

दारात कुणी नव्हतं. तुमच्या घरच्या, काकी, विहिरीवर गेल्या होत्या. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "नाना, आता त्याचा विचार करू नका." तुम्ही हात सोडलात. तिसऱ्या दिवशी गेलात.

तेराव्यानंतर काकींनी मला बोलावून एक फडक्याची पुरचुंडी दिली. तुम्ही मला द्यायला सांगितली होती म्हणे. आत कापसात गंधकाची कांडी होती. दत्तूच्या रायफलीचा ठसा. सगळे नदीत गेले, हा तुम्ही ठेवून घेतला होतात.

नाना, मी ती कांडी उजेडात धरली. घराचा भाग तसाच होता, पण घशाच्या जागी आट्यांच्या कडा नव्हत्या. जे आटे काल कोरल्यासारखे धारदार होते, ते गुळगुळीत झाले होते. काकी म्हणाल्या, "रोज दुपारी जेवलं की ती हातात घेऊन बसायचे. बोटानं चाचपायचे. दिसायचं बंद झालं तरी चाचपायचे." अठरा वर्षं तुम्ही त्या घशात तुमची चूक शोधत होतात. ती तिथे नव्हती. तुमचं माप बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तुमच्याच बोटांनी तो घसा भाऊरावांच्या रायफलीसारखा झिजला.

मी काकींना तिथेच सांगितलं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? ज्याला सांगायचं तो गेला की." पुन्हा खडे वेचू लागल्या. मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "दत्तूच्यात यंदा कोन जानार?" आणि खुंटीवरच्या पिशवीकडे हनुवटीनं दाखवलं.

काल मी गेलो. शिळफाट्याला उतरून पायी. पिशवीत तुमची कानस. दत्तू ओट्यावर होता, आता केस पिकलेत. मला बघून म्हणाला, "या चष्मेवाले. म्हातारा गेला ऐकलं." वर बस म्हणाला. मी बसलो नाही. अंगणात उभा राहून सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसंच. पुडकं मी भरलं. काजळीवरचं ओरबाडणं मी पाहिलं. नवी आहे, सैल होईल, हे मी म्हणालो. नानांनी तुझं पुडकं भरलंच नव्हतं.

तो उठून मारेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तीच आशा होती. तो हलला नाही. दोन बोटांचा डावा हात उजव्या हातात धरून बसून राहिला. त्याची बायको दाराआड उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मग तो म्हणाला, पण माझ्याकडे बघून नाही, जिथे तुम्ही बसायचात त्या जागेकडे बघून.

"मी त्याला येकदाबी पानी दिलं नाय."

त्याच्याजवळ एक गोष्ट उरली होती, तुमच्यावरचा राग. तुम्हीच म्हणाला होतात, तो गेला तर त्याच्याकडं काय राहील. मी तोही काढून घेतला आणि त्याच्या जागी हे ठेवलं.

मग तो आत गेला. विळ्यांचा भारा घेऊन आला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

मी उकिडवा बसलो. मला येत नाही ते काम, नाना. वीसेक वर्षं तुमच्या शेजारी बसलो, पण कानस कधी हातात धरली नाही. आकडेच लिहीत होतो. तिसऱ्या विळ्याला अंगठा कापला. त्याच्या बायकोनं तांब्या आणला, उंबऱ्यापर्यंत आली. दत्तू म्हणाला, "ऱ्हाऊ दे." ती आत गेली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा अकरा विळे झाले होते, तेवढेच होते यंदा. दत्तू ओट्यावरून उतरला. एक विळा उचलला, उजव्या अंगठ्यानं दाते चाचपले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तुम्ही चाचपायचात तसेच.

"त्याच्यासारखी धार नाय आली," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं विळा भाऱ्यावर परत टाकला.

"परत लाव."

नाना, मी परत बसलो.